गुलाबचाचांचा प्लग

"मग पहिला नंबर कुणाला देऊ, चाचा?"

गुलाबचाचांनी हातातला पेरू उलटा करून त्याचं बूड बघितलं.

"चाचा, ऐकताय ना? आज संध्याकाळी सातला यादी जाहीर करायचीय. दहाव्या नंबरापासून दुसऱ्यापर्यंत सगळं ठरलंय. पहिलाच अडलाय."

"हं," चाचा म्हणाले, आणि पेरू डावीकडच्या पाटीत ठेवला.

एकतीस डिसेंबरची दुपार. बार्शीतल्या जुन्या टॉकीजमागची गल्ली. विचारणारा अभिनंदन कासार, वय अडतीस, मुक्काम पुणे. व्हिडिओ गेम खेळायचे आणि ते कसे आहेत हे लोकांना सांगायचं, हा त्याचा धंदा. हसू नका, चांगला चालतो. दर वर्षअखेरीला तो 'माझे आवडते दहा' अशी यादी काढतो. तीन लाख माणसं तिची वाट बघतात आणि आली की आपसात भांडत बसतात. बारा वर्षं हे असं चाललंय.

उत्तर न देणारे ते गुलाबचाचा बागवान. आता पेरू नि बोरं विकतात. पण एके काळी याच दुकानात गेमची सहा मशीनं होती, आणि निम्म्या बार्शीची पोरं शाळा बुडवून इथं उभी असायची. अभिनंदन आयुष्यातला पहिला गेम इथंच खेळला. मशीनची दांडी कशी धरायची ते त्याला चाचांनीच शिकवलं होतं. मूठ आवळायची नाही, चिमणी धरल्यागत धरायची.

यंदा आईला भेटायला तो गावी आला, आणि यादी अडली. कुणाला विचारावं कळेना. मग चाचा आठवले.

"तुम्ही हे काय लावताय मघापासून?"

"पेरू."

"ते दिसतंय. पण कसे लावताय?"

"ही पाटी आजची. ही उद्याची. ती परवाची."

"आणि सगळ्यात चांगली कुठली?"

चाचांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"खाणार कधी हैस?"

अभिनंदनला राग आला. "मी गेमचं विचारतोय आणि तुम्ही पेरूचं सांगताय."

"पेरूचं तूच विचारलंस."

हे मात्र खरं होतं.

"बरं. वाच तुझी यादी," चाचा म्हणाले.

त्याने पिशवीतून वही काढली. नीट रकाने आखलेली वही, सुवाच्य अक्षर. दुकानाच्या मागच्या दारात चाचांची बायको राबियाचाची मेथी निवडत बसली होती. तिनेही हात थांबवला.

"दहावा. बर्फातल्या टपालवाल्याचा. चालायला छान वाटतं, पण चाल फार."

"हं."

"नववा. होडीचा. दोघांनी मिळून खेळायचा. एकाने वल्हं मारायचं, दुसऱ्याने सुकाणू धरायचं. चांगलाय, पण सुकाणूवाला जरा मंद वाटतो. अर्धा मार्क कापला."

"सुकाणूवर कोण होतं?"

"मीच."

"आणि वल्ह्यावर?"

अभिनंदनने पान उलटल्यासारखं केलं. "...मीच."

"एकटाच?"

"दोन हातांत दोन रिमोट घेतले. जमतं तसं. दुसऱ्या माणसाला घेऊन बसलं की वेळ जातो, चाचा. वर्षाला एकशे सोळा गेम बघावे लागतात."

"आणि अर्धा मार्क कापलास."

"मंद होता म्हणून कापला."

चाचा हसले नाहीत. मागच्या दारात चाची मात्र पदर तोंडाला लावून हसली, आणि अभिनंदनच्या ते लक्षात आलं.

आठवा, सातवा, सहावा... तो वाचत गेला. फुटकी भांडी सांधायचा एक गेम होता, तो पाचवा. दुसरा नंबर लढाईच्या गेमला. नव्वद तासांचा, देखणा, धूळसुद्धा खरी वाटते असा.

"मग हाच पहिला का नाही?"

"मार्कांनी हाच पहिला येतो." अभिनंदनने वहीवरून बोट फिरवलं. "पण लिहायला हात उचलत नाही."

चाचांनी हात पुढे केला. वही घेतली, चष्मा चढवला. चित्रं किती, आवाज किती, गोष्ट किती, हाताला कसा लागतो... सगळे रकाने भरलेले. शेवटचा एक रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा.

"ह्यात काय असतं?"

अभिनंदनने पिशवीचे बंद ओढले.

"अभ्या, ह्यात काय लिहितात?"

"मजा," अभिनंदन म्हणाला.

"मग?"

"येत नाही चाचा." एकदा तोंडातून गेलं आणि मग त्याला थांबवेना. "दोन वर्षं झाली. गेम लावला की आधी वही उघडतो. दहा मिनिटांत कळतं, हा सहावा, हा आठवा. कळलं की संपलं. लोकांना वाटतं, काय नशीबवान माणूस, दिवसभर खेळतो. मला संध्याकाळी बोटं दुखतात नि डोकं दुखतं, बाकी काही होत नाही. म्हणून ठरवलंय. आजची यादी टाकायची आणि सोडायचं. पुन्हा हात लावायचा नाही. पण शेवटची यादी तरी खरी व्हावी. पहिल्यावर खरंच पहिला असलेला गेम पाहिजे. तुम्ही सांगाल तो लिहितो."

"मी त्यातला एकबी बघितला नाही."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

चाचांनी वही मिटली आणि पेरूंवर ठेवली. उद्याच्या पाटीत.

गल्लीतून एक म्हैस गेली, तिच्यामागून तिची मालकीण गेली.

मग चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. बोरांच्या पोत्यांमागे एक गोणपाट टाकलेलं होतं, ते त्यांनी ओढलं.

अभिनंदन बघतच राहिला.

सहापैकी एक मशीन अजून होतं. विमानाचं. वरून किडे उतरतात, खालून आपण गोळ्या मारायच्या, तीन जीव. लाल रंग उडालेला, दांडीची गोळी गुळगुळीत झालेली. आणि हे मशीन चालू होतं. काचेवर आजचे पाच नंबर दिसत होते. वरच्या नंबरावर इंग्रजीत तीन अक्षरं होती. आर, ए, बी.

"हे कोण?"

"तुझी चाची. दुपारचं जेवण झालं की बसती तासभर."

खालचे चारही नंबर आर, ए, बी.

आता या मशीनशी अभिनंदनचं एक जुनं दुखणं होतं, ते सांगायला हवं. अकरा वर्षांचा असताना एका बाजाराच्या दिवशी त्याने इथं पहिला नंबर काढला होता. बार्शीतल्या सगळ्या दादा लोकांच्या वर. ए, बी, एच अशी तीन अक्षरं भरली आणि धावत घरी गेला, वडलांना, म्हणजे अण्णांना, दाखवायला. आपल्या दुकानातली गिऱ्हाइकं सोडून अण्णा आले, त्यांना हाताला धरून आणलं. तोवर सांजेची, मगरिबची अजान झाली होती आणि चाचांनी प्लग काढला होता. प्लग काढला की त्या मशीनला काही आठवत नसे. अण्णांनी काळ्या काचेकडे बघितलं, पोराच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, छान, छान, आणि परत गेले. अभिनंदन वाटभर रडत घरी गेला. त्याच रात्री त्याने पहिली वही आखली. मशीन विसरतं ना? मग आपण लिहून ठेवायचं.

सत्तावीस वर्षं तो लिहितच होता.

"चाचा, तुम्ही रोज प्लग का काढायचात हो?"

चाचांनी खिशातून पितळी टोकन काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"खेळ," म्हणाले.

चाची हात धुऊन, पदराला पुसत आली. "एकटा नाही हं. एकदा तू, एकदा मी. तुझा जीव गेला की माझी पाळी."

अभिनंदन मनात म्हणाला, बघू. धंदाच आहे आपला.

पहिला जीव पंधरा सेकंदांत गेला.

"चिमणी मेली," चाचा मागून म्हणाले.

त्याने मुठीकडे बघितलं. दांडी आवळून धरली होती.

मग चाची बसली. पासष्ट वर्षांची बाई, चष्मा नाकावर, बांगड्या वर सारलेल्या. तोंडाने एकीकडे शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण सांगतेय आणि हाताने किडे टिपतेय. बाळंतपण उरकलं तरी तिचा जीव काही जाईना.

"दुसरा मंद वाटला का?" चाचांनी विचारलं. "अर्धा मार्क कापायचा?"

अभिनंदनचे कान लाल झाले. पण हसूही आलं, आणि ते त्याला आवरेना.

"अजून एकदा, चाची."

"बस की. कोण नको म्हणतंय?"

पहिला डाव तो हरला. दुसराही हरला. दुसऱ्या डावात मात्र बोटं सैल पडली होती, आणि किडे डावीकडून आधी उतरतात हे त्याला आठवलं होतं. डोक्याला नाही, हाताला. तिसऱ्या डावाआधी त्याने शर्टाच्या बाह्या दुमडल्या. चाचीने चहा टाकला आणि तो तसाच निवला. फोन वाजला. पुण्याहून केतकी, त्याचे व्हिडिओ जोडणारी मुलगी, पहिला नंबर विचारायला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजल्यावर चाचांनी फोन त्याच्या खिशातून काढला आणि परवाच्या पाटीत ठेवून दिला.

"चाची, तुम्ही शेवटी कोपऱ्यात का जाता?"

"सांगत नसते मी."

"सांगा की."

"जिंकून दाखव, मग सांगते."

किती डाव झाले, कुणी मोजले नाहीत. उन्हाची पट्टी पेरूंवरून सरकत उंबऱ्यापर्यंत गेली. बोरं घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं बोरं न घेता मागे उभी राहिली. अभिनंदनच्या तळहाताला घाम सुटला होता. कितीतरी दिवसांनी सुटला होता. तो ओरडत होता, चाचीवर आळ घेत होता, एकदा तर त्याने स्टुलाला लाथ मारली. आणि शेवटच्या जीवावर, शेवटच्या रांगेतला शेवटचा किडा कोपऱ्यात जाऊन टिपला तेव्हा त्याच्या तोंडातून अकरा वर्षांच्या पोराचा आवाज निघाला.

आर, ए, बी एक पायरी खाली उतरलं.

"लिही बाबा, लिही," चाची म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने लपवलंही नाही. "कोपऱ्याचं तुझं तुलाच कळलं वाटतं."

त्याने दांडी फिरवत एकेक अक्षर भरलं. ए. बी. एच. मग दोन पावलं मागे सरून बघत राहिला. सबंध छाती भरून आली होती. वहीतल्या एकशे सोळा गेमांनी मिळून जे दिलं नव्हतं ते या फुटक्या मशीनने दिलं होतं, आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं असतं, ते त्या घडीला त्याच्या मनातही आलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी मगरिबची अजान सुरू झाली.

"थांबा थांबा, फोटो काढतो," तो खिसे चाचपू लागला. मग परवाच्या पाटीकडे धावला. फोन पेरूंखाली गेला होता.

चाचा वाकले. प्लग काढला.

काच काळी झाली. मधोमध एक पांढरा ठिपका राहिला, मग तोही गेला.

अभिनंदन हातात फोन घेऊन उभा.

"चाचा..."

"दुकान बंद करायची वेळ झाली."

"तेव्हापण असंच केलंत तुम्ही. अण्णांना आणलं होतं मी. आठवतंय?"

"आठवतंय." चाचा वायर हातावर गुंडाळू लागले. "रडत गेलास. आणि दुसऱ्या दिवशी कुठं होतास?"

"दुसऱ्या दिवशी?" अभिनंदनला आठवावं लागलं. "...इथंच. तुम्ही शटर उघडायच्या आधी."

"हं."

चाचांनी गोणपाट मशीनवर टाकलं. कोपरे नीट खाली ओढले, त्यावर हात फिरवला. फोन पुन्हा वाजायला लागला. केतकी. सातला तासभर राहिला होता. अभिनंदनने एकदा फोनकडे बघितलं, एकदा उद्याच्या पाटीतल्या वहीकडे.

"आणि पहिल्या नंबराचं काय करू, चाचा?"

चाचांनी आजच्या पाटीतला एक पेरू उचलला, शर्टाला पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"सकाळी दहाला लावतो मशीन. तुझी चाचीपण शून्यावरच असती."