सुंद्राक्काच्या मांडवातला कवडसा

बसा, पाणी घ्या. आणि आधी मला एक सांगा. भर उन्हात अनोळखी पेठेत उतरलात, हातात रिकामी पिशवी, ओळखीचं कुणी नाही, तर विश्वास कुणावर टाकाल? गोड बोलणाऱ्यावर? मोठ्या दुकानावर? की मालकाच्या कपाळावरच्या गंधावर? लगेच सांगू नका. आमच्या खडकपेठेत या प्रश्नाचं उत्तर मान वर करून शोधतात. का, ते ऐका.

तराजूत दगडाची वजनं पडायची आणि मीठ बैलांच्या पाठीवरून यायचं, तेव्हाची ही गोष्ट. खडकपेठ म्हणजे तेव्हा नुसता काळा कातळ. त्यावर झाड म्हणून उगवत नसे. एका बाभळीनं म्हणे मूळ धरून पाहिलं आणि चटका बसून परत गेली. दर शुक्रवारी त्या कातळावर बाजार भरायचा. जो तो आपलं पाल ठोकायचा, आणि पालाखालची सावली ज्याची त्याची.

सावलीवरून तिथं जेवढी भांडणं झाली, तेवढी भावावरून झाली नाहीत. "बांगड्या तिकडं भरतेस आणि सावलीला इकडं येतेस होय गं? सरक!" असं बायाबापड्यांना सुनवायचे. या सगळ्यांत वरचढ होता रेवणशेट तेलवाला. तो आपल्या सावलीभोवती कोळशानं रेघ मारायचा. ऊन सरकलं की सावली सरकायची, की हा उठून नवी रेघ मारायचा. तेल विकायला त्याला दुपारी सवडच नसे.

माणूस मात्र वाईट नव्हता. घाणा त्याचा चोख होता, तेलात भेसळ नव्हती. बायको लवकर गेली होती आणि गिरजा नावाची एकुलती एक लेक होती. तिचं लग्न असं करायचं, की पंचक्रोशीनं नाव काढावं, एवढा एकच ध्यास त्याला होता.

एका शुक्रवारी लमाणांचा तांडा मीठ घेऊन आला. भोजा नायकाची नात, एवढीशी पोर, दोन पालांच्या मधल्या उन्हाच्या पट्टीत चक्कर येऊन पडली. हातभर इकडं सावली, हातभर तिकडं सावली, आणि "आधी माल घे" म्हणणारे दोन दुकानदार. पोरीला शुद्धीवर आणलं ते सुंद्राक्कानं. ही बाई बाजाराच्या टोकाला बसून फाटक्या गोण्या शिवायची. तिला स्वतःचं पालही नव्हतं, एक गोणपाट डोक्यावर घेऊन बसायची. तेच तिनं पोरीवर धरलं.

भोजा नायक काही ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "शेटजी लोक, पुढच्या शुक्रवारी मी परत येईन. या पेठेत तळहाताएवढं जरी ऊन दिसलं, तर बैल नदीपलीकडच्या चिंचबनातल्या बाजाराला वळवीन. मग पुन्हा येणं नाही."

तांडा गेला म्हणजे मीठ गेलं, मिठामागून येणारं गिऱ्हाईक गेलं, आणि पेठेत उरला असता तो कातळ. सगळे गोळा झाले. हा त्याला बोलला, तो याला बोलला, आणि उठायच्या वेळी सुंद्राक्का म्हणाली, "पालं उतरवा. माझ्याकडं द्या."

"आणि आम्ही काय उन्हात बसू?" दस्तगीर तांबोळ्यानं विचारलं.

"एवढा आठवडा बसा. मी रोजच बसते."

तिनं सांगितलं, की सगळ्या पालांचा मिळून एक मांडव शिवायचा, अख्ख्या पेठेवर. ज्याच्या घरी जेवढं कापड असेल तेवढं त्यानं द्यायचं. "मी कुणाचं मोजणार नाही. तुम्ही म्हणाल सगळं दिलं, तर ते सगळंच."

कापड येऊ लागलं. पालं, घोंगड्या, कासाराची शाल, कुणाचं जुनं पागोटं, दस्तगीरचं कातानं लाल झालेलं पानांचं फडकं. रेवणशेटनंही आपलं पाल आणून टाकलं. "एवढंच आहे बघा, अक्का."

आता त्याच्या घरात रिकाम्या रांजणात एक पांढरंशुभ्र जाड कापड घडी करून ठेवलेलं होतं, गिरजाच्या लग्नमांडवासाठी घेतलेलं. लेकीच्या मांडवाचं कापड बाजारावर कोण टाकतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला पटलंही.

सुंद्राक्का शिवत राहिली. तिच्या सुतळीचा गुंडा सरता सरेना. असं म्हणतात, की तिचं दाभण एकेका टाक्याला दुपारचं थोडं ऊन ओढून घ्यायचं, म्हणून तो आठवडा हळूहळू थंड होत गेला. शुक्रवारी सकाळी मांडव बांबूंवर चढला, आणि पेठेचा रंगच बदलला. तळ्याच्या तळाशी असते तसली निळसर सावली पसरली. माणसं आपोआप हळू बोलू लागली. तराजूची पारडी तरंगल्यासारखी वर-खाली होऊ लागली. कुठून तरी बगळे आले आणि जमिनीवर बसले, पाणीच आहे असं समजून.

पण एका जागी थाळीएवढं भोक राहिलं होतं, आणि त्यातून कवडसा पडत होता.

"कापड पुरलं नाही," सुंद्राक्का म्हणाली. "कुठंतरी राहिलंय." तिनं कुणाकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. कवडसा रेवणशेटच्या मांडीवर पडला होता.

तो उठून डावीकडं बसला. कवडसा डावीकडं आला. उजवीकडं सरकला, तर उजवीकडं. गाडीखाली शिरला, तिथंही तो गोल, पितळी, तापलेला. दस्तगीरच्या दुकानात जाऊन बसला, तर दस्तगीर म्हणाला, "शेट, पान खुशाल खा, पण ऊन बाहेर ठेवून या की!"

रेवणशेट घरी पळाला. दार लावून घाण्याच्या अंधाऱ्या खोलीत उभा राहिला. त्या खोलीला खिडकी नव्हती. तरी कवडसा आत आला, त्याच्या छातीवर जरा थांबला, मग उतरून रांजणाच्या झाकणावर जाऊन बसला.

"अप्पा," मागून गिरजा म्हणाली, "रांजणावर ऊन पडलंय."

रेवणशेटनं झाकणावर दोन्ही हात ठेवले. "तुझ्या मांडवाचं कापड आहे गं ते. अख्खं आयुष्य तेल गाळलं मी त्यासाठी."

घाटाकडून बैलांच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या.

गिरजानं झाकण काढलं, कापड बाहेर ओढलं, हातांनी पसरून पाहिलं. "अप्पा, याच्याखाली आपलं घर तेवढं बसेल. माझ्या लग्नाला सगळी पेठ बसायला नको?"

रेवणशेटनं ते भराभर गुंडाळलं. कापडाचं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि धावत सुटला. कवडसा त्याच्या पुढं पुढं, वाट दाखवत निघाला. असं म्हणतात, की त्या दिवशी पेठेनं पहिल्यांदा रेवणशेटला धोतर सावरायचंसुद्धा विसरलेलं पाहिलं.

"आलात?" सुंद्राक्का म्हणाली. "दाभण ओवूनच ठेवलं होतं."

पहिला बैल पेठेत शिरला तेव्हा तिचा शेवटचा टाका पडत होता. भोजा नायक तळहात पसरून पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. हातावर ऊन कुठंच पडलं नाही. मग त्यानं पागोटं उतरवलं आणि विचारलं, "ही सावली कुणाच्या दुकानाची?"

जो तो रेवणशेटकडं पाहू लागला. त्यानं कनवटीचा कोळसा काढला आणि ओढ्याच्या दिशेनं भिरकावला. "पेठेची आहे, नायक. बसा. माल कुणाकडूनही घ्या."

गिरजाचं लग्न त्याच मांडवाखाली लागलं. बाजार मोडला नाही आणि वऱ्हाड कुठलं, गिऱ्हाईक कुठलं, कुणालाच कळलं नाही. पंचक्रोशीनं नाव काढलं ते अजून काढतेय.

सुंद्राक्का पुढं बरीच वर्षं मांडवावर चढून टाके घालत राहिली. म्हातारपणी तिनं स्वतःच्या हातानं ते भोक पुन्हा, पण तळहाताएवढंच, उसवून ठेवलं. कुणी विचारलं, तर म्हणाली, "असू दे. लागेल." चैत्रात एका दुपारी वावटळ आली. मांडव शिडासारखा फुगला, बांबूंसकट वर गेला आणि सुंद्राक्काला घेऊन उडाला. संध्याकाळी तो अलगद जागच्या जागी उतरला. कडेला दाभण टोचलेलं होतं, अक्का नव्हती. उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी एखादा ढग पेठेवर येऊन थबकतो, तेव्हा जुनी माणसं म्हणतात, की अक्काला कापड कमी पडलेलं दिसतंय.

आता खडकपेठेत सिमेंटची दुकानं आहेत, पंखे आहेत. तरी व्यापारी मंडळ दर चैत्रात मांडव घालतं. नवं दुकान काढणारा, मग तो कुठल्याही गावचा, कुठल्याही जातीचा असो, हातभर कापड आणून त्याला जोडतो, आणि त्या दिवशी शेजारचे दुकानदार आपलं पहिलं गिऱ्हाईक त्याच्याकडं पाठवतात. कुणाचं दुकान जळालं, कुणाला पुरानं धुतलं, तर मंडळ त्याला माल भरून देतं आणि म्हणतं, "टाका घातला."

आणि ते भोक अजून आहे. मंडळाची वार्षिक सभा मांडवाखाली भरते. खजिनदाराची खुर्ची त्या कवडशात ठेवतात आणि वर्षाचा हिशोब तो उन्हात बसून वाचतो, सगळ्यांच्या समोर. वाचताना कुणी एखादी रक्कम गाळली, तर कवडसा खुर्चीवरून उठतो आणि त्या माणसाच्या घरापर्यंत चालत जातो, असं म्हणतात. मी काही पाहिलेलं नाही. पण आजवर कुठल्या खजिनदारानं तशी परीक्षाही घेतलेली नाही.

तेव्हा विश्वास कुणावर टाकायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी एवढीच विनंती आहे. उद्या दुकान घाला, घर चालवा, नाहीतर गावाची वर्गणी सांभाळा, पण हिशोब खरा ठेवा बाबांनो. उन्हात बसून वाचता येईल, असा ठेवा.