खारीची बंद पेटी

माणसांनी अजून कुलूप केलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. जांभळीवरच्या एका खारीने सुतारपक्ष्याला लाकडी पेटी करायला सांगितली.

"माझ्या चारोळ्या ठेवायच्यात. कावळ्याच्या चोचीने उघडता कामा नये, उंदराच्या दातांना दाद देता कामा नये. आणि पलीकडच्या फांदीवर माझी नणंद राहते ना, तिचे पंजे फार चलाख. तिला तर मुळीच उघडता येऊ नये."

सुतारपक्ष्याने शिसवीची पेटी केली. खारीने चारोळ्या भरून झाकण लावलं, तसं आत कुठेतरी खट् झालं.

थंडी पडली. रानात खायला दाणा उरला नाही. खारीने पेटी दाबली, उलटी केली, आपटली. झाकण कुठलं आणि तळ कुठला हेच तिला कळेना.

"तुझे पंजे नणंदेसारखेच," आपटण्याचा आवाज ऐकून आलेला सुतारपक्षी म्हणाला. "तिला उघडायची नाही, म्हणजे तुलाही नाही."

"पण पेटी माझी आहे!"

"ते पेटीला कसं कळावं?"

खार बुचकळ्यात पडली. "मग उघडायची तरी कशी?"

"दोन टोकांना दोन खुंट्या दडवल्यात. चोचीतून त्या निसटतात, पंजांनीच धराव्या लागतात. दोन्ही एकदम ओढायच्या. एकटीचे हात पोचत नाहीत."

खार बराच वेळ घुटमळली. मग तिने हाक मारली, "वन्सं, जरा येता का?"

नणंद लगेच आली. खुंटी धरून तिने विचारलं, "वहिनी, एवढं जपून ठेवलंय तरी काय आत?"

दुसरी खुंटी घट्ट धरून, खाली बघत खार म्हणाली, "आपल्या चारोळ्या."