माणूस दिसेल एवढं अंतर

“…मग पहिली कुणाची म्हणायची, बाबा?”

फकीर गुलाबशाबाबांनी माझ्या हातातल्या दोन शेंगा उचलल्या आणि फोडत बसले.

विचारणारे होते विभाकर सबनीस. पुण्यात सरकारी नोकरी, काम बंदुकांची रचना करण्याचं. वडिलांबरोबर लहानपणापासून बाबांच्या या तकियावर, त्यांच्या मठीत, यायचे. वडील गेले तरी येणं चालू राहिलं, पण आता बसायचे कमी आणि बोलायचे जास्त. मी शेजारच्या गल्लीतला, दुपारचा तिथं पडीक असतो. या माणसाचं बोलणं ऐकून माझं डोकं पिकायचं.

त्या दिवशी मात्र ते गोंधळलेले होते. डोळे तांबारले होते. बाबांनी दिलेला चहा हातातच गार होत होता.

“कसली पहिली?” बाबांनी विचारलं.

“मी आत्ता तासभर सांगितलं ते काय ऐकलं तुम्ही? हल्ल्याची रायफल, असॉल्ट रायफल. आज जगात प्रत्येक सैनिकाच्या खांद्यावर असते ती.”

“ऐकलं. समजलं नाही. परत सांग.”

सबनीसांनी कप खाली ठेवला.

“जुनी रायफल मोठी, जड. गोळी मैलभर जायची, पण एकेक झाडावी लागायची आणि खांद्याला दणका बसायचा. दुसरीकडे छोटी मशीनची बंदूक. ती पिस्तुलाच्या गोळ्या भराभर ओकायची, पण थोड्या अंतरावरच तिचा जोर संपायचा. मधलं काहीच नव्हतं.”

“मग?”

“मग गोळी मधली केली. त्या गोळीभोवती बंदूक बेतली. मनात आलं तर एकेक झाडा, मनात आलं तर घोडा दाबून धरा.”

“गोळी लहान केल्यावर माणूस कमी मरतो?”

“नाही, बाबा. माणूस तेवढाच मरतो. शिपायाला गोळ्या जास्त नेता येतात.”

“असं होय,” बाबा म्हणाले, आणि खरंच विचारात पडल्यासारखे दिसले.

“कुणी केली ही?” त्यांनी विचारलं.

“तेच तर कळत नाही.” सबनीसांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. “पहिल्या महायुद्धात एका रशियन अधिकाऱ्यानं केली. पण त्याला हवी तशी गोळी देशात मिळेना, म्हणून जपानी गोळी वापरली. मग ती धड रशियन नाही, धड जपानी नाही. थोड्याच निघाल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी आपल्याच जुन्या रायफलीचं काडतूस आखूड केलं. पण त्यांच्या सर्वोच्च नेत्याला नवी बंदूक नको होती. म्हणून त्यांनी तिला भलतंच नाव दिलं, जुन्या जातीचीच आहे असं दाखवलं, आणि काम चालू ठेवलं. पुढे तिची कामगिरी कळल्यावर त्याच नेत्यानं मान्यता दिली आणि नवं नाव आलं. हल्ल्याची रायफल म्हणतात ती तेव्हापासून.”

“आणि मग?”

“मग रशियातला एक जखमी रणगाडा-सैनिक. दवाखान्यात पडल्यापडल्या त्याला बंदूक सुचू लागली. काही म्हणतात त्यानं जर्मनांचं पाहून केली. पण आत उघडून बघा, रचना वेगळीच. मी स्वतः उघडून पाहिलंय…”

“नाव ठेवायला सगळे जमले,” बाबा म्हणाले, “आणि बाप सापडेना.”

मला हसू फुटलं. सबनीसांना नाही.

“बाबा, चेष्टा नका करू. सोमवारी मला उत्तर द्यायचंय. नवी रायफल करायची आहे आणि तिच्या कामाचा प्रमुख मला नेमतायत. आयुष्यभर याचीच वाट पाहिली मी. आणि आता झोप लागत नाही.”

“का?”

“हो म्हटलं तर ती माझी होईल. आत्तापर्यंत मी स्प्रिंग बदलली, दट्ट्या बदलला. ते कुणाच्या खाती जात नाही. म्हणून मी मागे शोधत गेलो, की पहिला कोण? ज्यानं सुरुवात केली, त्याचं पाप. बाकीचे आपले हमाल. पण मागे गेलो की तोही म्हणतो, मी तर फक्त दुसऱ्याची गोळी घेतली. दुसरा म्हणतो, मी फक्त आखूड केली… मला काही सुचेनासं झालंय.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या माणसाची कणव आली.

बाबांनी मांडीवरची टरफलं झटकली.

“अरे, बंदुकीच्या आधी काय केलं त्यांनी?”

“म्हणजे?”

“गोळी मधली करायची, हे ठरवलं कशावरून?”

सबनीसांचा चेहरा जरा उजळला. आपल्या विषयातलं विचारलं की उजळायचाच.

“अंदाज घेतला. लढाईत शिपाई खरोखर किती लांबवर गोळी झाडतो ते पाहिलं. रायफल मैलभर मारायची, पण बहुतेक सगळं तीनशे-चारशे पावलांच्या आतच चालायचं. त्यापलीकडे माणूस धड दिसतच नाही. दिसत नाही तिथवर गोळी पाठवून उपयोग काय? सगळी गोम त्या अंतरात आहे, बाबा.”

“आणि त्याच्या आत दिसतो?”

“दिसतो.”

“काय दिसतो?”

“…माणूस दिसतो. तेवढं पुरतं.”

बाबांनी मान डोलावली. समोर ज्वारी काढलेलं उघडं रान होतं. त्याच्या पल्याड बांधावर बाभळ.

“ती बाभळ तेवढ्यावर असेल?”

सबनीसांनी डोळे बारीक करून पाहिलं. “साधारण.”

“जा तिथवर. मागे फिरून बघ. तुझं उत्तर मी हातानं देतो.”

“इथंच सांगा ना.”

“जा.”

ते निघाले. पायात हपिसचे बूट, खाली ज्वारीची धसकटं. दोनदा अडखळले. मला वाटलं, बाबांनी ब्याद बाहेर काढली, आता निवांत शेंगा खाऊ.

बाभळीपाशी पोचून सबनीस वळले.

बाबा उठले. त्यांनी काठी जमिनीवर ठेवली. खांद्यावरची झोळी काढून तीही ठेवली. मग दोन्ही हात वर केले आणि तसेच उभे राहिले.

मला आधी वाटलं, दुआ मागतायत. पण दुआला हात असे धरत नाहीत. बाजाराला जाणारी माणसं पलीकडच्या रस्त्यावरून सलाम करतात, तेव्हा बाबा एक हात उचलतात. हे तसंही नव्हतं. वयाचा माणूस, तरी हात खाली घेईनात. आता मलाच काही कळेना.

तिकडे सबनीस एक पाऊल पुढे आले. थांबले. मागे सरकले. मग त्यांनी कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. शेवटी लांबूनच वाकून नमस्कार केला आणि झपाझप परत आले.

धापा टाकत बाबांसमोर उभे राहिले. बाबांचे हात तोवर खाली आले होते.

“आशीर्वाद दिलात ना?”

बाबा त्यांच्या धुळीनं भरलेल्या बुटांकडे पाहत होते.

“आधी वाटलं, ये म्हणताय. मग वाटलं, तिथंच थांब म्हणताय. मधेच वाटलं, हाकलताय. मग दोन्ही हात दिसले, म्हटलं आशीर्वादच असणार… मी तसंच धरलं. सोमवारी हो म्हणतो मग. म्हणू ना?”

बाबांनी वाकून काठी उचलली. मी झोळी दिली.

“मी दिसलो तुला?”

“दिसलात की.”

“नीट?”

“तुम्हीच होतात. त्यात काय चुकायचंय?”

“पुरलं तेवढं?”

सबनीसांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला ठाऊक असावं. मला तरी कुठे ठाऊक होतं…

“बाबा,” ते अगदी हळू म्हणाले, “काय म्हणत होतात तुम्ही?”

“शरण आलो होतो, बेटा.”