उताणा तळहात

"पण सर, सरळ बसलंय की नाही?"

हृषीकेशने पुन्हा विचारलं. ऑपरेशन टेबलाशेजारच्या पडद्यावर द्वारकाबाईंच्या उजव्या हाताचा एक्स-रे होता. कोपर ते मनगट, मोडलेली दोन्ही हाडं आणि त्यांच्या पोकळीतून गेलेल्या दोन बारीक सळ्या. अगदी पट्टीने आखल्यासारख्या.

सरंजामेसर स्टुलावर बसून होते. अंगात गाऊन, हातमोजे घातलेले हात छातीशी धरलेले, डोळे मिटलेले. सकाळपासून ऑपरेशनं उपसून म्हातारा पार शिणला होता. झोपलेत की ऐकतायत, देव जाणे.

"बसलंय," सर म्हणाले. "सरळच बसलंय..."

आता याला शाबासकी म्हणायचं का? हृषीकेशचा सगळा जीव त्या शाबासकीत अडकला होता. मोठ्या माणसाच्या हाताला प्लेटच लावायची, या लवचीक सळ्या लहान पोरांसाठी, असं सगळ्यांनी त्याला ऐकवलेलं. पण बाईंना मोटारसायकलने फरपटत नेलं होतं. हाताची कातडी सोलवटलेली. प्लेटसाठी लांब चीर दिली असती तर जखम चिघळली असती. तेव्हा हा पठ्ठ्या पुढे झाला. इवल्याशा चिरांमधून सळ्या सरकवतो म्हणाला, आणि सरकवल्याही! हा फोटो पुढच्या परिषदेत सगळ्यांना दाखवायचा, हेसुद्धा त्याने मनात ठरवून टाकलं होतं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

"मग टाके घालू, सर?"

"घाल की... आधी त्यांचा हात जरा उताणा कर."

हृषीकेशने बाईंचं कोपर धरलं आणि पालथा हात वळवायला घेतला. हात वळला, अर्ध्यावर आला आणि भिंतीकडे तोंड करून थांबला. त्याने थोडा जोर लावून पाहिला.

छे. पुढे जाईचना.

अंगठ्याच्या बाजूचं हाड मुळातच किंचित बाकदार असतं. त्या बाकामुळे ते दुसऱ्या हाडावरून फिरतं आणि हात पालथा-उताणा होतो. म्हणून सळीही त्याच बाकाने वाकवून घालायची. हे काय हृषीकेशला ठाऊक नव्हतं? तोंडपाठ होतं! पण पडद्यावर ती सरळ रेघ दिसली आणि गडी भाळला. हात फिरवून बघायचंच राहिलं.

"व्यायामाने सुटेल, सर," तो म्हणाला. "प्लास्टर निघालं की मालिश, व्यायाम... हळूहळू..."



गुडघ्यांना शिव्या घालत सर उठले. ट्रेमधली कापडाची एक घडी घेतली, दोन्ही हातांत थापटून चपटी, गोल केली आणि बाईंच्या त्या अर्धवट वळलेल्या तळहातावर ठेवली.

घडी घसरली आणि खाली फरशीवर पडली.

कुणी हसलं नाही. द्वारकाबाईंची एसटी स्टँडमागे खानावळ. थापलेली भाकरी तळहातावर उचलायची आणि तव्यात पालथी टाकायची, त्यावर चार तोंडं जगत होती. सकाळी स्ट्रेचरवरून येताना त्यांनी हृषीकेशचा गाऊन धरून विचारलं होतं, "भाकरी करता येईल नव्हं, डागदरसायेब?" आणि हा घाईघाईत म्हणाला होता, "न यायला काय झालं!"

भूल देणाऱ्या कुंदाताई बाईंच्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी अवघडलेली मान मोकळी केली.

"काय ते ठरवा रे बाबांनो. भूल मी वाढवते, तिची काळजी नको. पण माझी कंबर कामातून गेलीये."

हृषीकेशला एकाएकी मरणाचा शीण आला. आता सळी उपसायची, वाकवायची, हाडाची टोकं पुन्हा चाचपडत जुळवायची. पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि दुसऱ्या खेपेला जमलं नाही तर? त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. टाके घातले की झालं. पडद्यावरचा फोटो बघून कुणाची नावं ठेवायची छाती झाली नसती.

"सर... काय करू? तुम्ही म्हणाल तसं करतो."

"मला कशाला विचारतोस?" सर स्टुलाकडे परतले. "हात माझा आहे का? ज्यांचा आहे त्यांना विचार."

हृषीकेशने बाईंकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं, श्वास संथ चाललेला, कपाळावरचं कुंकू फिसकटलेलं.

"त्या झोपल्यात, सर."

सर स्टुलावर टेकले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणून तर आत्ता विचार... जाग्या झाल्या की हात कसाही असो, तुझ्या पाया पडतील."