पितळी हत्ती आणि नारबाची आमटी

एका गावात एक भोळा शिपाई राहत होता, आणि त्या गावालाच लोक राज्य म्हणत. म्हणायचंच होतं झालं. एका टोकाला कुणी मिरचीची फोडणी घातली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा, एवढंच ते राज्य. पण थाट सगळा होता. महाराज होते, राणीसाहेब होत्या, त्र्यंबकपंत नावाचे दिवाण होते आणि एक शिपाई होता. तो हा नारबा.

नारबा माणूस चांगला. सांगितलं ते करायचा. सांगितलं तेवढंच करायचा, आणि एकदा सांगितलेलं पुढच्या कामालाही वापरायचा, म्हणजे धडा वाया जायला नको. बायको द्वारका म्हणायची, यांना काही शिकवू नका हो, यांच्या लक्षात राहतं.

आता राज्याची तऱ्हा ऐका. नदीवरचा पूल पडून तीन वर्षं झाली होती. दिवाणजींनी पूलपट्टी बसवली, लोकांनी ती भरली, पूल काही उभा राहिला नाही. रस्त्यांना खड्डे पडले तेव्हा रस्तापट्टी आली. खड्डे होते तिथेच राहिले. मग दारपट्टी आली, सावलीपट्टी आली. लोक पारावर बसून दिवाणजींच्या नावाने बोटं मोडू लागले, तर पारावर बसायची पट्टी आली. गाऱ्हाणं घेऊन कचेरीत जावं तर आधी गाऱ्हाणंपट्टीचा नारळ ठेवायचा. दिवाणजी नारळ ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघतो."

अशात महाराजांच्या मनात आलं, की राज्य म्हटलं की दारात हत्ती हवा. खरा हत्ती पोसायची ऐपत नव्हती. दिवाणजी म्हणाले, पितळेचा ओतून घेऊ, त्याला चारा लागत नाही. पितळ कुठून आणायचं? तर चूलपट्टी बसवायची. ज्या घरात चूल, त्या घरातून एक पितळी भांडं.

दिवाणजींनी नारबाला बोलावून सांगितलं, प्रत्येक घरातून भांडं आणायचं, सबब ऐकायची नाही, आणि लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून सुरुवात आपल्या घरापासून करायची.

नारबा घरी आला. द्वारका चुलीपाशी होती. चुलीवर पितळी पातेल्यात आमटी रटरटत होती. नारबाला आमटीचं भारी वेड. भाकरी कितीही असू दे, वर आमटीचा भुरका नसला तर त्याला जेवल्यासारखंच वाटायचं नाही. पण हुकूम तो हुकूम. त्याने फडक्याने पातेलं धरलं आणि आमटीसकट उचलून चालू लागला. द्वारका मागून अहो अहो करत राहिली. ती सबब असणार असं समजून त्याने ऐकली नाही.

कचेरीत दिवाणजींची पांढरीशुभ्र बैठक होती. नारबाने पातेलं तिच्यावर नेऊन आदळलं. बैठक मग पांढरी राहिली नाही.

दिवाणजींनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, आणायच्या आधी आत डोकावून बघावं. आत काही असलं तर तिथेच ओतून टाकावं, आणि मग रिकामं आणावं."

"बरं," नारबा म्हणाला, आणि लक्षात ठेवलं.

संध्याकाळी घरी ताटात कोरडी भाकरी आली. नारबाने विचारलं, आमटी कुठाय? द्वारकेने सांगितलं, घरात पातेलं एकच होतं, ते तुम्ही नेलंत. पातेलं परत येईल त्या दिवशी आमटी. हत्ती झाला की पातेलंही गेलं आणि आमटीही गेली, जन्मभर भाकरी पाण्यात बुडवून खा.

नारबाने ती भाकरी पाण्यात बुडवून कशीबशी संपवली. दुसऱ्या दिवशी त्याने दिवाणजींना विचारलं, पातेलं परत मिळेल का? दिवाणजी म्हणाले, "बघतो." नारबाकडे तेव्हा नारळही नव्हता.

चार दिवसांत सगळ्या राज्यातली भांडी कोठारात आली. राजवाड्यातही चूल होती, म्हणून तिथलंही एक आलं. कुणाच्या घरी आमटी शिजेना, कुणाच्या घरी भात शिजेना. लोक चिडले होते, पण उपाशीपोटी चिडणार तरी किती वेळ?

मग नदीपलीकडून ओतारी यायचा होता. धातू वितळवून मूर्ती ओतणारा मोठा कारागीर, अंगाने चांगला गलेलठ्ठ. दिवाणजींनी नारबाला दोन भोई देऊन डोली आणायला धाडलं. पलीकडच्या काठावर ओतारी डोलीत बसला. भोयांनी दांडी खांद्यावर घेतली. नारबाला धडा आठवला. त्याने पडदा सारून आत डोकावलं, तर आत होतंच की काहीतरी. त्याने भोयांना डोली कलती करायला लावली आणि ओताऱ्याला तिथेच काठावरच्या चिखलात ओतून टाकलं. रिकामी डोली वाजतगाजत कचेरीत आली.

दोन घटकांनी ओतारी आला. पूल नव्हता, त्यामुळे नदीतून चालत आला होता. चिखल धुऊन निघाला होता, पण शिंका थांबत नव्हत्या.

दिवाणजींनी नारबाला कोपऱ्यात घेतलं. दात खात खात सांगितलं, की अरे, असं आणतात का? अंगावर घोंगडी घालावी, हाताला धरावं, वाटेत खड्डा आला तर जपून म्हणावं, आणि आणल्यावर शेगडीजवळ बसवून चांगलं शेकू द्यावं.

"बरं," नारबा म्हणाला. हे तर सोपंच होतं.

ओताऱ्याची रीत अशी, की आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर माती लिंपून साचा करायचा, आणि मग त्यात पितळ ओतायचं. नदीकाठच्या झोपडीत बसून त्याने आठ दिवसांत मेणाचा हत्ती केला. वासराएवढा, सोंड वर केलेला, अगदी डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यांसकट. महाराजांना तो साच्याआधी बघायचा होता. दिवाणजींनी नारबाला हातगाडी दिली आणि म्हणाले, "नीट आण रे बाबा."

नारबाने इतकं नीट कधी काही आणलं नव्हतं. हत्तीवर घोंगडी घातली. एका हाताने गाडी ढकलली, दुसऱ्या हाताने सोंड धरली. राज्यातल्या रस्त्याला खड्डे किती ते सांगितलंच, तेव्हा झोपडीपासून कचेरीपर्यंत त्याचं 'जपून हं, खड्डा आहे, जपून हं' चाललं होतं. लोक दारात उभे राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, आपल्याला एवढं जपून कुणी नेलं नाही कधी. कचेरीत नारबाने शेगडी चांगली पेटवली, हत्तीला तिच्या अगदी लगत बसवलं आणि महाराजांना बोलवायला गेला.

महाराज आले. शेगडीपाशी ओली घोंगडी होती आणि खोलीभर पिवळं तळं होतं.

"हत्ती कुठाय?" महाराजांनी विचारलं.

"इथेच बसवला होता महाराज," नारबा म्हणाला. "चांगला शेकलाय."

दिवाणजींच्या पायाखालची जमीनही मेणाने निसरडी झाली होती. ते कसेबसे भिंतीला धरून उभे राहिले आणि आवाज चढवून म्हणाले, "तुझ्या बापाचा होता का रे तो हत्ती? यापुढे कुठलीही वस्तू हातात आली की स्वतःची अक्कल चालवायची नाही. आधी बघायचं, ही कोणाची. ज्याची असेल त्याच्या हातात द्यायची आणि गप्प बाजूला व्हायचं. कळलं?"

"कळलं," नारबा म्हणाला. त्याला खरंच कळलं होतं.

ओताऱ्याने शिव्या घालत दुसरा हत्ती केला, साचा केला, आणि पितळ ओतायचा दिवस ठरला. गावात दवंडी पिटली, की सगळ्यांनी वाड्याच्या चौकात हजर राहून टाळ्या वाजवायच्या, न येणाऱ्याला गैरहजेरीपट्टी पडेल. सगळे आले. चौकात भट्टी धगधगत होती. महाराज आणि दिवाणजी आत जेवायला बसले होते, त्यांचं काही अडलं नव्हतं. नारबाला काम दिलं होतं कोठारातलं एकेक भांडं उचलून भट्टीपाशी न्यायचं.

बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. द्वारकाही होती.

नारबाने पहिलं भांडं उचललं. एक तांब्या होता. हातात आली वस्तू, आता बघायचं कोणाची. उलटासुलटा करून पाहिला, तर काठाखाली टिंबाटिंबांनी अक्षरं कोरलेली. आता आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची रीत आहेच. लग्नात, पंगतीत भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून. नारबाला वाचता येत नव्हतं. गर्दीत पंतोजी उभे होते, गावातल्या मुलांना शिकवायचे. नारबाने तांब्या त्यांच्यापुढे धरला.

पंतोजींनी चष्मा सारखा केला. "रखमाबाई कुंभारीण," त्यांनी वाचलं.

नारबाने रखमाबाईला हाक मारली, तांब्या तिच्या हातात दिला आणि गप्प बाजूला झाला. मग दुसरं भांडं उचललं.

लोकांना पहिल्यांदा काही समजेना. चार भांडी गेल्यावर समजलं. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. न सांगता रांग लागली. इतकी शिस्तीची रांग त्या राज्यात आजवर लागली नव्हती. पंतोजी वाचत होते, नारबा देत होता. ओतारी भट्टीच्या भात्यापाशी बसून बघत होता. तोही इतके दिवस कोरडी भाकरी खाऊन कावला होता. त्याने भाता बाजूला ठेवला आणि डोळे मिटले.

एका घागरीवर राणीसाहेबांचं माहेरचं नाव निघालं. राणीसाहेब सज्जातून खाली आल्या, रांगेत उभ्या राहिल्या, घागर कडेवर घेतली आणि आत गेल्या.

महाराज आणि दिवाणजी ढेकर देत बाहेर आले, तोवर कोठाराची जमीन दिसू लागली होती.

दिवाणजींनी कोठारात डोकावून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, हे काय केलंस? नारबाने सांगितलं, तुम्हीच म्हणालात, ज्याची असेल त्याच्या हातात द्यायची. चौकात सगळं राज्य उभं होतं, आणि प्रत्येकाच्या कडेवर आपापलं भांडं होतं. दिवाणजी म्हणाले, काही बिघडत नाही महाराज, उद्या पुन्हा गोळा करू.

महाराजांनी लोकांकडे पाहिलं. मग सज्जाकडे पाहिलं. तिथे राणीसाहेब घागर धरून उभ्या होत्या. पुन्हा गोळा करायचं म्हणजे तीही मागावी लागणार.

"राहू दे," महाराज म्हणाले. "हत्ती आणून मिरवायचा कुठे? आधी तो पूल बघा."

दिवाणजी सवयीने "बघतो" म्हणाले. मग चौकातल्या लोकांकडे त्यांचं लक्ष गेलं, आणि ते म्हणाले, "उद्यापासून कामाला लावतो."

कोठारात आता एकच भांडं उरलं होतं. सगळ्यात आधी आलेलं, म्हणून सगळ्यात तळाचं. नारबाने ते ओळखलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. द्वारका पुढे आली, हसली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

नारबाने पातेलं पंतोजींपुढे धरलं.

"गोदूबाई," पंतोजींनी वाचलं.

गोदूबाई म्हणजे द्वारकेची आई. लेकीच्या लग्नात तिने आपल्या संसारातलं पातेलं दिलं होतं. द्वारका समजावून थकली, की अहो, ते आता आपलं आहे. नारबाला वाईट वाटलं, पण नाव ते नाव. पातेलं डोक्यावर घेऊन तो नदीतून चालत सासुरवाडीला निघाला.

जावई आला म्हणून गोदूबाईला आनंद झाला. तिने त्याच पातेल्यात आमटी केली. नारबाने इतक्या दिवसांनी पहिला भुरका मारला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने सगळी हकिकत सांगितली, की आता ज्याची वस्तू त्याच्या हातात, राज्यात कुणाचं काही ठेवलं नाही.

"ते झालं, जावईबापू," गोदूबाई वाढता वाढता म्हणाली. "पण माझी लेक कुठाय?"

नारबाचा घास हातातच राहिला. केवढी चूक झाली होती.

"मामी, माफ करा," तो म्हणाला. "तिच्यावर नाव नव्हतं, म्हणून राहिलं. उद्या सकाळी आणून देतो."