साळिंदराचा उघडा नकाशा

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. उन्हाळ्यात कुठे पाणी आहे नि कुठे आटले, हे हरणांच्या कळपाला सांगण्याचे काम त्याच्याकडे होते. पण पाणवठ्यांचा नकाशा होता धनेश पक्ष्याकडे, त्याच्या ढोलीत आतल्या बाजूने कोरलेला. साळिंदराने पिकली उंबरे नेऊन द्यावीत, मग धनेशाने आत डोकावून एकेक ठिकाण कुठल्या दिशेला, किती अंतरावर ते सांगावे, असा रिवाज. दर उन्हाळ्याला धनेशाची भूक वाढतच गेली. यंदा तो म्हणाला, "दुप्पट उंबरं आण. नाहीतर शोध तुझं तू!"

साळिंदराला राग आला, आणि तो रास्तच होता. धनेशाने आजवर सांगितलेले सारे त्याला पाठ होते. गळलेला काटा गेरूत बुडवून त्याने वाटेवरच्या सपाट कातळावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा, नकाशा काढला. वड, वारूळ, माळ ही ओळखीची ठिकाणेही त्यात भरली. कोल्हा फिदीफिदी हसला, "फुकटचा नकाशा! त्यावर विसंबणार कोण?"

हरणे विसंबली. भर दुपारी पोहोचली ती मात्र कोरड्या खडकावर. एक पाडस तर तिथेच मटकन खाली बसले, ते उठेचना. त्याची आजी धावत परत आली. "अरे, तुझ्या भरवशावर लेकरं घेऊन गेले रे मी!" ती म्हणाली. साळिंदराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मान खाली घालून ते धनेशासाठी उंबरे वेचायला निघाले.

तेवढ्यात कातळावर उतरलेली टिटवी ओरडली, "थांब, थांब! माळावर माझी अंडी आहेत, तिथं तू डोह काढलास की! डोह माळाच्या उगवतीला आहे." मुंगूस पुढे झाले. "वडाजवळचं डबकंही नकाशात तेवढंच मावळतीला सरकलंय." मग साळिंदराच्या ध्यानात आले. धनेश अंतरे धरायचा त्याच्या झाडापासून, आणि आपण ती मोजली आपल्या बिळापासून! बीळ तर झाडाच्या मावळतीला. साळिंदराने भराभर सगळे पाणवठे उगवतीकडे सरकवून काढले. सर्वांत जवळचे पाणी त्या खडकाच्या अगदी पलीकडेच निघाले. आजी वाऱ्यासारखी पळाली.

संध्याकाळी पाडस आपल्या पायांनी चालत कातळापाशी आले. साळिंदराचे डोळे भरून आले. आजीने गेरूत खूर बुडवला आणि नकाशाच्या कोपऱ्यात एक ठसा उमटवला. "इथं कपारीत एक झरा आहे. माझ्या आईनं दाखवलेला." धनेशाने तो झरा कधीच सांगितला नव्हता, कारण त्यालाही तो ठाऊक नव्हता.

तात्पर्य : चारचौघांपुढे ठेवलेल्या ज्ञानातली चूक चारचौघांना दिसते, म्हणून ती सुधारते, आणि ते ज्ञान वाढतेही चौघांच्याच हातांनी.