वातीपेक्षा लांब बिरुदं

फार फार वर्षांमागं एका डोंगरी राज्यात एक कुंभारीण राहायची. आपलं कोणी खरं मानत नाही, ही तिची जन्माची तक्रार. ती तक्रार खोटी नव्हती, एवढं लहानथोरांनी आधीच ध्यानात घ्यावं.

तिच्या भट्टीतून किल्ल्यावर दारूचे गोळे जात. नारळाएवढं मडकं, आत दारू, तोंडाला वात. वात पेटवून तटावरून शत्रूवर फेकायचं. तिचा धाकटा भाऊ सटवाजी फेकणाऱ्यांत होता.

आधी वात लांब असायची. शत्रू जळतं मडकं उचलून उलट फेकायचा. मग वात आखूड केली. मडक्याची भिंत जाड केली, आत लोखंडाचे तुकडे घातले. फेकायची वेळ चुकू नये म्हणून नेम ठरला: वात पेटवायची, महाराजांची बिरुदं म्हणायची, ती संपली की गोळा सोडायचा.

नेम चांगला होता. पण दर विजयाला महाराज नवं बिरुद घेत आणि तेही म्हणायचा हुकूम निघे. वात तेवढीच राहिली. बिरुदं वाढत गेली.

कुंभारीण किल्लेदारापुढं उभी राहिली. "वात वाढवा, नाहीतर बिरुदं कमी करा. मधल्यामधे माणूस मरेल."

किल्लेदार हसला. "वात लांब होती तेव्हा गोळे परत आले, विसरलीस? बाई, तू मडकी भाज. महाराजांचा पराक्रम वातीनं मोजू नकोस."

मग तिनं भावाला अर्ध्यातच फेकायला सांगितलं.

"आक्का, शेजारचा ऐकत असतो. एक बिरुद गाळलं तर हात तोडतील."

"आणि सगळी म्हटलीस तर?"

भाऊ तिनं आणलेली भाकरी खात राहिला.

पुढच्याच हल्ल्यात शेवटचं बिरुद त्याच्या तोंडात होतं आणि गोळा हातात फुटला.

महाराजांपुढं चौकशी बसली. वातवाला म्हणाला वात मापात होती. दारूवाला म्हणाला दारू कोरडी होती. किल्लेदार म्हणाला हुकूम बरोबर होता. कुंभारणीनं पुन्हा तेच सांगितलं, आवाजही चढवला नाही. चढवून काय होणार होतं? सगळ्यांनी महाराजांकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या.

निकाल लागला: फेकणाऱ्यानं बिरुदं सावकाश म्हटली.

मोठ्यांच्या मोठेपणाला कात्री लावायची छाती कोणाची होत नाही, तिथं खापर मेलेल्याच्याच डोक्यावर फुटतं.

गावोगाव दवंडी पिटली. दोषी कोण, तर सटवाजी.